पुरवणीचा दोरा : पोस्टग्रेसमधील 'काँट्रिब'चा इतिहास

परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना पुरवणीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मुख्य उत्तरपत्रिका भरली की विद्यार्थी उभा राहून पुरवणी मागतो, पर्यवेक्षक तीवर सही करून देतो, आणि वेळ संपताना विद्यार्थी ती दोऱ्याने मुख्य उत्तरपत्रिकेला बांधून मुखपृष्ठावरील चौकटीत पुरवण्यांची संख्या लिहितो. पुरवणीतल्या उत्तराला मुख्य उत्तरपत्रिकेतल्या उत्तराइतकेच गुण असतात. मात्र दोरा सुटला आणि चौकटही कोरी राहिली, तर ती पुरवणी कुणाची हे ठरवणे कठीण होऊन बसते. अशा वेळी उत्तर किती चांगले होते याला काही अर्थ उरत नाही.

पोस्टग्रेस-एस-क्यू-एल या मुक्तस्रोत डेटाबेस-प्रणालीच्या इतिहासात हाच प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. (डेटाबेसला 'विदागार' असा प्रतिशब्द सुचवला गेला आहे, परंतु वापरात डेटाबेसच रूढ असल्याने येथे तोच ठेवला आहे.) प्रणालीचा गाभा कोणता आणि पुरवणी कोणती, पुरवणी कुणी बांधायची, आणि तिचा मूळ लेखक निघून गेल्यावर तिची जबाबदारी कुणाची, हे ते प्रश्न होत. वरवर पाहता ते निव्वळ तांत्रिक वाटतात. ज्यांना जुन्या ग्रंथांच्या संहितांशी थोडाफार परिचय आहे त्यांना मात्र ते ओळखीचे वाटतील.

प्रारंभ १९८६ साली झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांचे सहकारी 'इंग्रेस' या आपल्याच आधीच्या प्रणालीच्या मर्यादा अनुभवून 'पोस्टग्रेस' हा नवा प्रकल्प हाती घेत होते. इंग्रेसला आकडे, अक्षरे आणि तारखा कळत. त्यापलीकडचे काही कळत नसे. तारखांच्याही बाबतीत घडलेला एक प्रसंग स्टोनब्रेकर यांनी पुढे सांगितला आहे. कर्जरोख्यांच्या व्यवहारात प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरून व्याज काढण्याची पद्धत आहे. अशा एका ग्राहकाला इंग्रेसचे पंचांगशुद्ध तारखांचे गणित चुकीचे वाटत होते, कारण त्याच्या धंद्यात १५ फेब्रुवारी ते १५ मार्च हे अंतर तीस दिवसांचेच असावयास हवे होते. चूक कुणाचीच नव्हती. दोघांच्या 'तारीख' या शब्दाचा अर्थ वेगळा होता, आणि ग्राहकाला आपला अर्थ प्रणालीला शिकवण्याची सोय नव्हती, इतकेच.

ही सोय करणे हे पोस्टग्रेसच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक होते. नवा विदाप्रकार, त्यावर चालणारी नवी क्रियाचिन्हे, त्याचा शोध जलद व्हावा म्हणून लागणारी सूची, हे सर्व वापरकर्त्याला बाहेरून जोडता यावे अशी तिची रचना होती. त्यासाठी एक साधी पण दूरगामी युक्ती योजली गेली. कोणते प्रकार आणि कोणती फलने अस्तित्वात आहेत ही माहिती कोडमध्ये गोठवून न ठेवता खुद्द डेटाबेसमधल्याच तक्त्यांत नोंदवली गेली. तक्त्यात एक ओळ वाढवली की प्रणालीला एक नवा शब्द कळू लागे. गाभा आणि पुरवणी यांतली सीमारेषा जन्मतःच पुसट होती, असे म्हणता येईल.

बर्कलीतील प्रकल्प आवृत्ती ४.२ नंतर औपचारिकरीत्या संपला. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एस-क्यू-एल भाषा दिली आणि 'पोस्टग्रेस९५' हे नाव आले. १९९६ मध्ये तेही बदलून आजचे नाव रूढ झाले, आणि प्रकल्प विद्यापीठाच्या आवारातून स्वयंसेवकांच्या हाती गेला. इंटरनेटवरून एकमेकांना ओळखणारी, निरनिराळ्या देशांतली ही माणसे होती. मूळ कोडाच्या झाडात 'काँट्रिब' नावाची जी निर्देशिका आहे ती या स्वयंसेवकांच्या काळाची खूण होय. काँट्रिब्यूशन, म्हणजे योगदान, या शब्दाचे हे लघुरूप. कुणी काही उपयुक्त लिहून पाठवले, परंतु ते सर्वांच्या उपयोगाचे नाही किंवा अद्याप प्रयोगावस्थेत आहे असे वाटले, की ते येथे ठेवले जाई.

या निर्देशिकेतील नावे वाचणे मनोरंजक आहे, कारण त्यांतून पाठवणाऱ्यांचे व्यवसाय दिसतात. 'क्यूब' आणि 'सेग' ही दोन मॉड्यूल्स अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील जीन सेल्कॉव्ह यांनी लिहिली. पैकी 'सेग' हे प्रयोगशाळेतल्या मोजमापांसाठी आहे. ६.५ आणि ६.५० या दोन नोंदींत गणिताच्या दृष्टीने भेद नसला तरी मोजणाऱ्याच्या दृष्टीने आहे, कारण दुसरीत अचूकतेचा अधिक दावा आहे. हे शेवटचे शून्य 'सेग' जपून ठेवते. मॉस्को विद्यापीठाच्या स्टर्नबर्ग खगोलशास्त्र संस्थेतील ओलेग बार्तुनोव्ह आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिगायेव्ह यांच्याकडून शब्दशोधासाठी 'टीसर्च', श्रेणीबद्ध नोंदींसाठी 'एलट्री', नाव-मूल्य अशा जोड्यांसाठी 'एचस्टोअर' अशी मालिकाच आली. पृथ्वीच्या पाठीवरील दोन स्थळांमधले अंतर काढणारे, शब्दांचा उच्चारसाम्याने शोध घेणारे, पुस्तकांचे क्रमांक तपासणारे अशी इतरही मॉड्यूल्स होती. आज त्यांची संख्या चाळिसाहून अधिक आहे.

आता या पुरवण्या बांधल्या कशा जात ते पाहू. २०११ पूर्वी रीत अशी होती. आधी मॉड्यूल संकलित करून त्याची फाइल सर्व्हरच्या ठरलेल्या जागी ठेवावयाची. मग त्याच्यासोबत आलेली एस-क्यू-एलची संहिता आपल्या डेटाबेसमध्ये हाताने चालवावयाची. तिच्यात 'हा प्रकार निर्माण कर', 'हे फलन निर्माण कर' अशा पंचवीस-पन्नास आज्ञा असत, आणि त्या चालल्या की मॉड्यूल कामाला लागे. परंतु त्या पंचवीस-पन्नास वस्तू एकाच मॉड्यूलच्या आहेत याची नोंद कोठेही राहत नसे. वापरकर्त्याने स्वतः लिहिलेले फलन आणि मॉड्यूलमधून आलेले फलन एकाच गर्दीत मिसळून जाई. मॉड्यूल काढून टाकावयाचे असल्यास दुसरी एक संहिता चालवावी लागे, आणि तीही त्याच आवृत्तीची हवी.

खरी अडचण येई ती प्रणालीची आवृत्ती बदलताना. त्या काळी मोठ्या आवृत्तीवर जाण्याचा राजमार्ग म्हणजे संपूर्ण डेटाबेसची एस-क्यू-एलमध्ये नक्कल उतरवून ती नव्या सर्व्हरवर पुन्हा चढवणे. ही नक्कल उतरवणाऱ्या साधनाला काय आपले आणि काय मॉड्यूलचे हे कळत नसल्यामुळे ते मॉड्यूलच्या सगळ्या जुन्या व्याख्याही इमानेइतबारे उतरवून घेई. नव्या सर्व्हरवर मॉड्यूलची नवी आवृत्ती असे. तिच्यातील फलनांची नावे किंवा रूपे बदललेली असत. जुन्या व्याख्या तिच्याशी जुळत नसत आणि चढवणे मध्येच अडखळे. ज्याने डेटाबेस उभारला तो माणूस नोकरी सोडून गेलेला असे, आणि अमुक मॉड्यूल बसवले होते हे त्याने कोठे लिहून ठेवलेले नसे. विदा सुरक्षित असे, पण ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द नव्या घरी कुणाला समजत नसत. दोरा सुटलेली पुरवणी ती हीच.

याला पॅकेजिंगच्या प्रथेने आणखी एक पदर दिला. सामान्य वापरकर्ता मूळ कोड संकलित करीत नाही. तो लिनक्सच्या वितरणातून तयार पॅकेज घेतो. ही पॅकेजे बांधणाऱ्यांनी काँट्रिबचे वेगळे पॅकेज केले. त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण जे सर्वांना लागत नाही आणि ज्याच्यामुळे इतर ग्रंथालयांवरील अवलंबन वाढते ते वेगळे ठेवावे, हा त्या व्यवसायाचा संकेत आहे. परिणाम मात्र असा झाला की अनेक संस्थांत काँट्रिबचे पॅकेज बसवावयास परवानगीच मिळेना. 'योगदान' या नावामुळे ते कुणा हौशी माणसाचे, न तपासलेले काम असावे असा ग्रह होई. वस्तुतः काँट्रिबमधील मॉड्यूल्स गाभ्याबरोबरच तपासली जातात, त्याच दिवशी प्रकाशित होतात आणि त्यांतील सुरक्षादोषही त्याच मंडळींकडून दुरुस्त होतात. नाव बदलावे अशा सूचना वारंवार आल्या, परंतु निर्देशिकेचे नाव आजतागायत तेच आहे. डेबियनने आवृत्ती १० पासून (२०१७) काँट्रिबला मुख्य सर्व्हरच्या पॅकेजातच सामावून घेतले. रेड हॅटच्या परंपरेत ते वेगळेच राहिले. एकच पुरवणी एका परीक्षाकेंद्रावर उत्तरपत्रिकेत शिवून मिळते आणि दुसऱ्यावर मागावी लागते, असा हा प्रकार आहे.

काही पुरवण्यांना बढती मिळाली, आणि त्यांचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की तिचे जुने रूप लगेच पुसले जात नाही. अशी मृत रूपे वेळोवेळी झाडून काढावी लागतात. हे झाडण्याचे काम आपोआप व्हावे म्हणून आवृत्ती ७.४ मध्ये (२००३) काँट्रिबमध्ये एक स्वतंत्र कार्यक्रम आला. ८.१ मध्ये (२००५) तो गाभ्यात गेला आणि ८.३ मध्ये (२००८) न सांगताच सुरू असणारा झाला. आज त्यावाचून पोस्टग्रेसची कल्पनाही करवत नाही. शब्दशोधाचे 'टीसर्च२'ही त्याच ८.३ मध्ये गाभ्यात आले. ही बढती मात्र सुखाची नव्हती. आधीपासून 'टीसर्च२' वापरणाऱ्यांच्या नकलेत जुन्या व्याख्या होत्या आणि गाभ्यात त्याच नावांच्या नव्या व्याख्या. दोहोंची टक्कर होई. म्हणून जुन्या नावांना नव्याशी जोडणारे 'टीसर्च२' नावाचेच एक दुभाषी मॉड्यूल काँट्रिबमध्ये ठेवावे लागले, आणि ते २०१७ मध्ये आवृत्ती १० येईपर्यंत राहिले. एका पुरवणीला मुख्य उत्तरपत्रिकेत घेण्यासाठी नऊ वर्षे दुसरी पुरवणी सांभाळावी लागली.

त्याच ८.३ मध्ये आणखी एक घटना घडली, जिची नोंद भाषेच्या अभ्यासकाने घ्यावी. तोपर्यंत प्रत्येक मॉड्यूलची माहिती त्याच्या त्याच्या निर्देशिकेतल्या 'रीडमी' फाइलमध्ये असे, म्हणजे ज्याला मॉड्यूल आहे हे आधीच ठाऊक आहे त्यालाच ती सापडे. ८.३ पासून ती मुख्य दस्तऐवजात एक परिशिष्ट म्हणून छापली जाऊ लागली. एकही ओळ कोड न बदलता या मॉड्यूल्सची प्रतिष्ठा वाढली. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत नाव येणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

दोरा प्रत्यक्षात आला तो आवृत्ती ९.१ मध्ये, सप्टेंबर २०११ ला. दिमित्री फोंतेन यांनी त्याचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि टॉम लेन यांनी त्याला अंतिम रूप देण्यात मोठा वाटा उचलला. 'क्रिएट एक्स्टेन्शन' ही नवी आज्ञा आली. प्रत्येक मॉड्यूलला एक छोटी नियंत्रण-फाइल आली. तिच्यात त्याचे वर्णन, सध्याची आवृत्ती इत्यादी चार-पाच ओळी असतात. आज्ञा दिली की मॉड्यूलची संहिता चालते, आणि तिने निर्माण केलेली प्रत्येक वस्तू 'या एक्स्टेन्शनची' म्हणून नोंदली जाते. तिच्यातली एखादीच वस्तू चुकून काढता येत नाही. काढायचे तर सगळे एकत्र. नक्कल उतरवताना आता मॉड्यूलच्या व्याख्या उतरत नाहीत. 'येथे अमुक एक्स्टेन्शन आहे' एवढी एकच ओळ उतरते, आणि नव्या घरी ती ओळ त्या घराची आवृत्ती बोलावते. मुखपृष्ठावरची पुरवण्यांची चौकट ती हीच. एका आवृत्तीवरून दुसरीवर नेणाऱ्या संहितांचीही सोय झाली. १.० वरून १.१ आणि १.१ वरून १.२ अशा पायऱ्या असतील तर सर्व्हर स्वतःच वाट शोधतो.

जुन्या, सुट्या वस्तूंचे काय? त्यांनाही बांधून घेण्यासाठी 'अनपॅकेज्ड' अवस्थेतून एक्स्टेन्शन करण्याचा पर्याय दिला होता. नऊ वर्षांनी, आवृत्ती १३ मध्ये (२०२०), तो काढून टाकण्यात आला. एक तर एव्हाना सगळ्यांनी दोरा बांधला असेल असे मानले गेले. दुसरे म्हणजे, दोरा बांधण्याची क्रियाच असुरक्षित ठरू शकते हे ध्यानात आले होते. मॉड्यूलची संहिता बहुधा सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हाताने चालते. आधीच कुणी त्याच नावाची लबाड वस्तू तेथे ठेवली असेल, तर ती त्या अधिकाराने वापरली जाण्याचा धोका असतो. अशा स्वरूपाचे दोष २०२० आणि पुन्हा २०२२ मध्ये दुरुस्त करावे लागले.

दोरा आला म्हणून जबाबदारीचा प्रश्न मात्र सुटला नाही. तो तीन मॉड्यूल्सच्या उदाहरणांनी स्पष्ट होईल. 'एक्सएमएल२' हे पहिले. ८.३ मध्ये एक्सएमएलची सोय गाभ्यात आली तेव्हापासून दस्तऐवज सांगत आला आहे की हे मॉड्यूल पुढे काढून टाकले जाईल. ही सूचना छापूनच कित्येक आवृत्त्या निघाल्या. मॉड्यूल आहे तेथेच आहे, कारण त्याची सर्व कामे नव्या सोयीने होत नाहीत आणि कुणीतरी त्यावर विसंबून आहे. दुसरे 'यूयूआयडी-ओएसएसपी'. ज्या ग्रंथालयावरून त्याचे नाव पडले त्याची निगा केव्हाच थांबली. म्हणून ९.४ पासून (२०१४) दुसऱ्या ग्रंथालयांच्या आधाराने ते उभारण्याची सोय करावी लागली. नावात मात्र तो दिवंगत पूर्वज तसाच आहे, आणि त्यातल्या जोडरेघेमुळे आज्ञा लिहिताना ते नाव आजही दुहेरी अवतरणात लिहावे लागते.

तिसरे 'आयएसएन', पुस्तकांचे आयएसबीएन क्रमांक ओळखणारे. त्या क्रमांकांचे देशवार आणि प्रकाशकवार गट असतात आणि नवे गट वाटले जात असतात. भारतीय पुस्तकांवर आधी ८१ असे आणि पुढे ९३ हाही गट आला, हे आपण कपाटातली पुस्तके काढून पाहू शकतो. या गटांची यादी 'आयएसएन'मध्ये कोडातच कोरलेली आहे. वापरकर्त्याला ती तक्त्यातून बदलता येत नाही, मूळ कोड बदलून पुन्हा संकलित करावे लागते. यादी जुनी पडते हे दस्तऐवजच कबूल करतो. कोडात काही गोठवू नये, तक्त्यात ठेवावे, हे ज्या प्रणालीचे जन्मरहस्य, तिच्याच पुरवणीत हा दोष राहावा यात एक विषण्ण विनोद आहे.

मग ही मॉड्यूल्स काढून का टाकत नाहीत? येथे संहिताचिकित्सेशी असलेले साम्य संपते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांना क्षेपक वगळता आले, आणि पुढे कुणी भर घालू नये असे बजावताही आले. प्रणालीच्या संपादकाला ही मुभा नाही. कुणाच्या तरी तक्त्यातला एक स्तंभ 'आयएसएन'च्या प्रकारात लिहिलेला असतो. मॉड्यूल वगळले तर तो स्तंभच अवाच्य होतो. पुरवणी नुसती जोडलेली राहत नाही, तिच्यावर दुसऱ्यांची घरे उभी राहतात. म्हणून येथे वगळणे फार क्वचित घडते आणि हळूहळू घडते. सांकेतिक शब्दांसाठीचे 'सीएचकेपास' ११ मध्ये (२०१८) गेले, 'ॲडमिनपॅक' १७ मध्ये (२०२४).

याच कारणाने नवे काही आत घेण्यास हात आखडता येऊ लागला. आवृत्ती ८.० मध्ये (२००५) बाहेरच्या बाहेर मॉड्यूल संकलित करण्याची सोय झाली होती. २०११ च्या सुमारास डेव्हिड व्हीलर यांच्या पुढाकाराने पर्लच्या 'सीपॅन'च्या धर्तीवर 'पीजीएक्सएन' हे एक्स्टेन्शनांचे वितरणजाळे उभे राहिले. भूगोलाच्या क्षेत्रातले प्रख्यात 'पोस्टजीआयएस' तर २००१ पासून, कॅनडातील रिफ्रॅक्शन्स रिसर्च या संस्थेत जन्मल्यापासून, बाहेरच आहे. त्याचा परवाना जीपीएल, पोस्टग्रेसचा बीएसडीच्या वळणाचा, त्यामुळे ते आत येणे कठीणच होते. तरीही त्याची प्रतिष्ठा काँट्रिबमधल्या कोणत्याही मॉड्यूलहून कमी नाही. आत असणे म्हणजे श्रेष्ठ असणे नव्हे. कुणाच्या वेळापत्रकाने जगायचे याची ती निवड आहे.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट पाहावी. उच्चारसाम्याने नावे शोधणारे 'फझीस्ट्रमॅच' हे काँट्रिबमधील मॉड्यूल इंग्रजी वर्णोच्चारावर बेतलेले आहे. त्यातील साउंडेक्स, मेटाफोन ही फलने युनिकोडमधील बहुबाइट अक्षरांशी नीट चालत नाहीत असे दस्तऐवजच सांगतो. आवृत्ती १६ मध्ये (२०२३) त्यात युनिकोड जाणणारी 'डाइच-मोकोटॉफ' ही पद्धत आली. तीही मध्य आणि पूर्व युरोपातील आडनावांसाठी घडलेली आहे. 'कुळकर्णी' आणि 'कुलकर्णी' एकच असावेत असे सर्व्हरला वाटावयाचे असेल तर ती पुरवणी आपल्यालाच लिहावी लागेल. चाळीस वर्षांपूर्वी रोखेवाल्यांच्या तारखेसाठी उघडलेले दार आपल्यासाठीही उघडेच आहे.

दोरा कुणी बांधायचा हा प्रश्न अलीकडे नव्या रूपात आला आहे. पूर्वी एक्स्टेन्शन बसवण्यास बहुधा सर्वाधिकार लागे; १३ पासून (२०२०) काही एक्स्टेन्शने 'विश्वासार्ह' ठरवून साध्या वापरकर्त्यालाही खुली झाली. परंतु ज्यांचा डेटाबेस भाड्याच्या क्लाउडवर आहे त्यांना कोणती एक्स्टेन्शने मिळणार हे सेवा देणाऱ्याची यादी ठरवते. सप्टेंबर २०२५ मधील आवृत्ती १८ ने नियंत्रण-फाइली सर्व्हरच्या ठरलेल्या जागेबाहेरही शोधण्याची सोय दिली, जेणेकरून सर्व्हरच्या मूळ पॅकेजाला हात न लावता एक्स्टेन्शन वेगळे आणून जोडता यावे.

या सगळ्या इतिहासात कोड लिहिण्याचा भाग त्या मानाने लहान आहे. एचस्टोअर लिहिणारे दोघे होते. ते वीस वर्षे चालू ठेवण्यासाठी लागलेली नियंत्रण-फाइल, आवृत्तीच्या पायऱ्या, चाचण्या, परिशिष्टातले पान आणि निरनिराळ्या वितरणांतली पॅकेजे, ही कामे अनेकांनी केली. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. पुरवणीवर पर्यवेक्षकाची सही असते आणि पेपर तपासणारा ती क्वचितच वाचतो. पण ती नसली तर पुरवणी ग्राह्य धरावी की नाही, असा प्रश्न त्यालाच पडतो.